आईच्या टीव्हीचा हिरवा ठिपका

माझा धाकटा भाऊ पुण्यात राहतो आणि त्याचा यंत्रांवर विश्वास आहे. मी मोहोपाड्याला राहते आणि माझा आता वेळेवर येणाऱ्या एसटीवरसुद्धा विश्वास उरलेला नाही. आई कडावला एकटी राहते. मुलगा काळजी करतो आणि मुलगी जाऊन येते, अशी आमच्या घरात कामाची वाटणी आहे. ती कोणी केली नाही, झाली.

गेल्या वर्षी आई मोरीत घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. भावाने फोन केला तेव्हा ती म्हणाली, "बरी हाय रं." मी केला तेव्हा म्हणाली, "बरी हाय गं." मोडलेला हात पदराखाली धरून ती तशीच वावरत होती. मी सणाला गेले तेव्हा कळलं. त्यानंतर भावाने अट घातली. एक तर पुण्याला चल, नाही तर मी सांगतो ते यंत्र घरात लावू दे.

आमच्या आळीत 'चार दिवसांसाठी' मुलाकडे गेलेलं म्हातारं माणूस परत आल्याचं उदाहरण नाही. कुलपं मात्र आहेत. आईने यंत्र पत्करलं.

यंत्र म्हणजे एक पांढरा डबा. तो भिंतीच्या सॉकेटमध्ये बसतो आणि टीव्हीची पिन त्याच्यात बसते. टीव्ही चालू असला की तो बरीच वीज ओढतो. रिमोटने बंद केला तरी तो पुरता झोपत नाही, लाल दिवा मिणमिणत ठेवून थोडी ओढतच राहतो. डब्याला हा फरक समजतो. चालू असेल तर भावाच्या आणि माझ्या मोबाइलवर हिरवा ठिपका, नुसता लाल दिवा असेल तर पिवळा, वीजच नसेल तर करडा. आई संध्याकाळच्या मालिका चुकवत नाही, तेव्हा संध्याकाळी हिरवा ठिपका म्हणजे आई ठीक. हे सगळं भावाने टीव्हीपुढे उभं राहून, घसा साफ करून सांगितलं. त्याच्या बायकोने व्हिडिओ काढला. एखाद्या धरणाचं लोकार्पण असावं असा एकूण थाट होता. भाषण संपल्यावर आईने विचारलं, "याला हळद-कुंकू लावायचं का?" ती चेष्टा करत होती की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर माझे दिवस ठिपक्यावर चालू लागले. कडावची वीज गेली की ठिपका करडा व्हायचा आणि भावाचा मला फोन यायचा. आईचा फोन अर्थातच लागत नसे, कारण विजेबरोबर टॉवरही जातो. मग मोहोपाड्याहून चौक, चौकहून कर्जत, कर्जतहून रिक्षात तिघींच्या जागेत चौथी होऊन कडाव. आई अंधारात वाल सोलत बसलेली असायची. "आलीस? बस. लाइट नाय," एवढंच म्हणायची. मी पण वाल सोलू लागायचे. दुसरं करण्यासारखं काही नसायचं.

भातं कापून झाली होती तेव्हा समोरच्या काकू गेल्या. त्या आणि आई एकाच वर्षी लग्न होऊन आळीत आल्या होत्या. आमच्याकडे आळीत कोणी गेलं की दहावा होईपर्यंत कोणाच्याच घरात टीव्ही लागत नाही. नातं असो नसो, भांडण असो नसो. असं कुठे लिहिलेलं नाही, पण मोडलेलंही कोणी पाहिलेलं नाही. भावाने मोबाइलवर फुलांच्या चित्रासह श्रद्धांजली पाठवली आणि तो कामाला लागला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, ठिपका पिवळाच आहे."

"अरे, काकू गेल्यात ना. दुखवटा आहे. आई टीव्ही कसा लावेल?"

"मग मला कळणार कसं?"

"फोन करून विचार."

"फोनवर ती बरी हाय म्हणते. हात मोडला तेव्हाही म्हणत होती."

पुढच्या संध्याकाळी पुन्हा पिवळा, मग पुन्हा. शेवटी त्याने ठरवलं की रविवारी गाडी घेऊन यायचं आणि आईला थोडे दिवस पुण्याला न्यायचं. मी आईला फोनवर तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. त्याच संध्याकाळी ठिपका हिरवा झाला. भावाने मला अंगठ्याचं चित्र पाठवलं.

मला ते खरं वाटेना. काकूंच्या घरी दुखवट्याला बसायला जायचंच होतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी निघाले. पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. काकूंच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या आणि आई त्यांच्यातच होती. समोर आमच्या घराची खिडकी लावलेली होती, पण फटींमधून निळा उजेड नाचत होता.

काकूंची सून मला म्हणाली, "ये, बस. तुजी आय हितं हाय. तिकडं टीव्ही बघाया कोन बसलाय त्ये आमाला म्हाईत नाय."

"कोन नाय बसला," आई म्हणाली. "आवाज बंद हाय. वर चादर टाकलीय."

"चादर टाकून कोंबडं झाकतात गं म्हातारे."

एक बाई हसली आणि दुखवटा आठवून तिने तोंडाला पदर लावला.

"माजी सासू तुजी कोन हुती?" सून थांबेना. "दहावा व्हायचाय अजून, आन् तुज्या घरात उजेड नाचतोय."

"म्हनून तर हितं बसलेय. घरात बसून बघतेय का?"

"मंग लावलाय कशाला?"

आई जमिनीकडे बघू लागली. मुलगा आपल्याला घेऊन जाणार आहे, हे आळीपुढे तिला सांगवत नव्हतं. मग मीच डबा, ठिपका, रविवार, गाडी सगळं सांगितलं. भावाचं शास्त्र माझ्या तोंडून ओट्यावर फारच केविलवाणं वाटत होतं.

"म्हंजी टीव्ही लावला नाय, तर आय जिती नाय?" मघाशी हसलेल्या बाईने विचारलं.

"तसं नाही हो," मी म्हटलं, आणि मग तसंच आहे असं माझ्या लक्षात आलं.

मी उठून आमच्या घरात गेले. चादर गरम झाली होती. तिच्याखाली कोणी नटलेली बाई आवाजावाचून रडत होती. मी रिमोट दाबला. लाल दिवा लागला आणि लगेच भावाचा फोन आला.

"पिवळा का झाला?"

"मी बंद केला. दहाव्यापर्यंत लागणार नाही."

"मग रविवारी मी येतो. तिची बॅग भरून ठेव."

आई आणि काकूंची सून माझ्यामागून दारात आल्या होत्या. फोनमधला आवाज दोघींना ऐकू गेला. आईने चौकट धरली. सुनेने माझ्या हातातून फोन घेतला.

"मी समोरची बोलतेय रं. तुजी आय खोटं बोलते, त्ये तुला म्हाईत हाय. माजं तिचं पटत नाय, ह्ये बी म्हाईत हाय. मंग मी तिच्यासाठी खोटं कशाला बोलू? सांजच्याला मला फोन करत जा."

"रोज कसं विचारणार वहिनी तुम्हाला?" भाऊ म्हणाला. "बरं दिसत नाही."

"डब्याला रोज इचारतोस त्ये बरं दिसतं?"

मग त्याने तिचा नंबर मागितला. यंत्रांवर विश्वास असला तरी माझा भाऊ वाईट माणूस नाही. रविवारी तो आला नाही.

पहिली बातमी त्याला त्या फोनच्या दुसऱ्याच संध्याकाळी सुनेकडून मिळाली आणि त्याने ती मला कळवली. आई जेवली, भात निम्मा टाकला. एक पाय सुजलाय, चप्पल जेमतेम चढते, बरेच दिवस तसंच आहे. आदल्या संध्याकाळी मी त्याच पायाशेजारी बसले होते आणि मला काही दिसलं नव्हतं.

सकाळी मी पुन्हा कडावला. आईला कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासायला घेतलं, गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं. परतीच्या रिक्षात आई गोळ्यांची पुडी मुठीत धरून बाहेर बघत होती. मी डोळे मिटून बसले. तीन दिवसांत दुसऱ्यांदा हाच रस्ता, आणि त्यातला खड्डान् खड्डा मला आता पाठ झाला आहे.

"पुन्याला न्यायचं म्हनतोय का?" तिने विचारलं.

"गोळ्या घेतल्यास तर नाही."

"घेतल्या का नाय, त्याला कोन सांगनार?"

सांगणारी समोरच राहते, हे तिलाही माहीत होतं. रिक्षा भाताच्या रिकाम्या शेतांमधून धडधडत चालली होती. थोड्या वेळाने तिने चपला काढल्या, लुगडं जरा वर घेतलं आणि पाय समोरच्या दांडीवर टेकवले.

"तिला म्हनावं, बघायचं तर नीट बघ," आई म्हणाली. "दोनी पाय सुजल्यात."