चूलबंद आवतण

दहावीच्या गणिताचा क्लास मी जळगावात काढला तेव्हा माझी नोकरी धुळ्यात होती. ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून क्रमाने सांगते.

नवऱ्याची नोकरी जळगावात आणि माझी धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत. चार वर्षं आम्ही दोन गावांत राहिलो. मी मुलीला घेऊन धुळ्यात माझ्या आईकडे आणि नवरा जळगावात एकटा. एका शनिवारी मी एस.टी.ने जळगावला जायची, पुढच्या शनिवारी तो धुळ्याला यायचा. पारोळा, एरंडोल, सगळे थांबे मला पाठ झाले होते. मुलगी दुसरीत गेली तरी जळगावच्या घराला ‘बाबांचं गाव’ म्हणायची. हे ऐकल्यावर मी एक वर्षाची बिनपगारी रजा टाकली, जळगावच्या मेहरूण भागात पुढची खोली मोठी असलेलं घर बघितलं आणि दारावर पाटी लावली. मुलीचं नाव मात्र धुळ्याच्याच शाळेत ठेवलं. वर्षभर ती माझ्या आईकडेच राहिली. क्लास चालेल याची खात्री नसताना तिला दोनदा हलवायची माझी तयारी नव्हती.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मला एक तर परत रुजू व्हायचं होतं, नाही तर राजीनामा द्यायचा होता. मी वहीत लिहून ठेवलं: ‘पंचवीस मुलं झाली तर राजीनामा. कमी पडली तर धुळे.’ मला असं लिहून ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. आदल्या वर्षीची मुलं परीक्षा देऊन मोकळी झाली होती. नव्या वर्षासाठी एप्रिलअखेर नावं आली होती नऊ.

तोवर मी काय काय केलं होतं त्याची यादी आजही माझ्याजवळ आहे. पेपरवाल्याकडून घरोघर हस्तपत्रकं टाकली. दोन हायस्कुलांच्या मुख्याध्यापकांना भेटले. दोघांनीही चहा पाजला. बँकेतले एक अधिकारी, एक डॉक्टर, एक वकील, असे वजनदार लोक निवडून त्यांच्याकडे शब्द टाकला. या सगळ्यातून आली दोन मुलं, त्यातलं एक डॉक्टरांच्या कंपाउंडरचं. मग माझ्या लक्षात आलं की मला मोठी माणसं नकोत, कुणाच्या घरात दहावी आहे हे माहीत असलेली माणसं हवीत. अशी माणसं तीन सापडली. शाळेचे गणवेश शिवणारे शिंपीकाका, जुनी पाठ्यपुस्तकं विकणारे एक गृहस्थ आणि पिठाच्या गिरणीवर बसणारी मावशी. नववीची पुस्तकं विकून दहावीची कोण घेऊन गेलं हे पुस्तकवाल्यांना तोंडपाठ होतं. तिघांनी मिळून मला चाळीस घरं दिली.

मी ठरवलं, या चाळीस घरांना बोलवायचं. क्लासची माहिती द्यायची आणि जेवू घालायचं. पूजा ठेवली नाही. आलेल्या नऊ मुलांत तीन बौद्ध घरांतली होती, मला सगळे एका पंगतीत हवे होते. जेवण खानदेशातलं नेहमीचं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी.

त्या वेळी मेहरूणच्या जुन्या भागात आवतणं द्यायला एक आबा जायचे. लग्न असो, बारसं असो, यादी त्यांच्या हातात दिली की ते दारोदार उभे राहून निरोप सांगत. मी त्यांना चाळीस नावं वाचून दाखवली. त्यांनी एकच विचारलं, ‘‘एक माणूस का चूलबंद?’’

हे मला माहीत नव्हतं असं नाही. धुळ्यातही हीच पद्धत. ‘एक माणूस’ म्हटलं की घरातून एकानं यायचं. ‘चूलबंद’ म्हटलं की सगळं घर यायचं, त्या घरी त्या वेळेला चूल पेटवायची नाही. पण माझ्या डोक्यात हिशोब खुर्च्यांचा होता. चाळीस खुर्च्या भाड्याने सांगितल्या होत्या, खोलीत आणि ओट्यावर मिळून तेवढ्याच मावत होत्या. मी म्हणाले, ‘‘एक माणूस.’’

आबांनी यादीकडे एकदा पाहिलं, ती घडी करून खिशात घातली आणि गेले.

रविवारी सकाळी पाहुणे आले. पहिले आले ते नव्वदीकडे झुकलेले, पांढरी टोपी, हातात काठी. मग दुसरे तसेच. मग आणखी तिघं. अर्ध्या तासात माझ्या चाळीस खुर्च्यांवर अडतीस म्हातारे बसले होते. एका माणसाचं आवतण म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याचा मान, तो दुसऱ्या कुणी घ्यायचा नसतो. हेही मला माहीत होतं. फक्त खुर्च्या मोजताना आठवलं नव्हतं.

मी फळ्यावर त्रिकोण काढून ठेवला होता. माहितीचं भाषण तयार होतं, तेही करून टाकलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. भाषण संपल्यावर एका नानांनी माझे सासरे कोणत्या गावचे ते विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी त्या गावातल्या तीन माणसांची चौकशी केली, त्यातली दोन वारली होती. मी वही उघडून एकेकाला विचारत फिरले, घरात दहावीला कोण आहे? एका आजोबांनी बराच विचार केला.

‘‘नात शे,’’ ते म्हणाले. ‘‘मोठी शे. कितवीमा शे ते तिनी मायले इचारा.’’

पुढच्या पाच जणांचं उत्तर थोड्याफार फरकाने हेच होतं. सगळे पोटभर जेवले, वरणाची तारीफ केली, मला आशीर्वाद दिले आणि उन्हं चढायच्या आत घरी गेले. आठवडाभर मी वाट पाहिली. एकही नाव आलं नाही. नवरा म्हणाला की आशीर्वादांची संख्या पाहता क्लास बुडणं शक्य नाही. मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही.

आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या. माहेर धरणगावचं, शाळा चौथीपर्यंत, आणि गल्लीतल्या कुठल्या घरात काय चाललंय हे त्यांना शिंपीकाकांपेक्षा जास्त ठाऊक. म्हातारे जेवायला आले तेव्हा त्यांनी ओट्यावरून सगळं पाहिलं होतं. आठ दिवसांनी त्या स्वतः आल्या, माझी वही मागितली आणि वाचता येत नसल्यासारखी लांब धरून पाहिली.

‘‘बाई, तुनी यादी चांगली शे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण यामा बठ्ठा माणसंच शेतस. पोरगी सकाळले कुठे जास, कव्हय येस, ते कोण देखस? तू बायासले तर बलावंच नही.’’

त्यांचं म्हणणं असं की यादीत सगळे पुरुषच होते; बाया रागावल्या नव्हत्या, पण आपल्याला विचारलं नाही याची नोंद सगळ्यांनी घेतली होती. आता पुन्हा आवतण द्यायचं, चूलबंद द्यायचं, घरं मात्र थोडी घ्यायची. आम्ही दोघींनी बसून चाळीसातली बारा घरं काढली. आबांकडे पुन्हा गेले तेव्हा त्यांनी यादी घेतली आणि म्हणाले, ‘‘आते चूलबंद का? माले तव्हयच वाटनं व्हतं.’’ तेव्हाच का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, मास्तरणीला कोण शिकवणार?

या वेळी खुर्च्या आणल्या नाहीत, सतरंज्या घातल्या. चूलबंद आवतण असलं की त्या घरातल्या बाया रांधायलाही येतात. त्यामुळे सकाळी सातलाच माझ्या मागच्या अंगणात पंधरा जणी होत्या. बट्टीचं काम हातांचं असतं. जाडसर पीठ मळायचं, गोळे वळायचे, उकडायचे, कापायचे, तळायचे. हात गुंतलेले असले की बोलणं सोपं जातं. मी त्या दिवशी भाषण केलं नाही. विळीवर बसून बट्ट्या कापल्या आणि उत्तरं दिली.

कुणी विचारलं, दिवेलागणीच्या आत मुली घरी येतील का? पोरं आणि पोरी एका सतरंजीवर बसणार का? पोरीला भूमिती येत नाही म्हणून सगळ्यांसमोर उभी करणार का? एकीने विचारलं, तिची मुलगी शाळेत मागे बसते, इथे पुढे बसवाल का? अशा प्रश्नांची मी तयारीच केली नव्हती. माझ्या पत्रकात पास होण्याबद्दल सगळं होतं आणि यातलं काही नव्हतं. जेवणं उरकेपर्यंत मी वेळापत्रक बदललं. मुलींची तुकडी सकाळी, मुलांची संध्याकाळी. संध्याकाळी मुलींना यायचं असेल तर साडेपाचला सुट्टी.

आणखी एक गोष्ट त्या अंगणात शिकले. बोलता बोलता प्रत्येकीच्या तोंडी माहेर येत होतं. एकीचा भाऊ सावद्याला, केळीच्या व्यापारात. त्याचा मुलगा दहावीला आत्याकडे राहायला येणार होता, तो आला. एकीची बहीण गावातच पण स्टेशनच्या पलीकडे, तिने दोन मुलं पाठवली. मी वहीत नवा रकाना आखला, ‘आईचं माहेर’. विद्यार्थ्याचं नाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय या तीन रकान्यांनी वर्षभरात जेवढं दिलं नव्हतं तेवढं त्या एका रकान्याने तीन आठवड्यांत दिलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात नावं झाली एकवीस.

उरलेली चार अक्कांच्या माहेरी होती. धरणगावच्या चार मुली, एकमेकींच्या मैत्रिणी. सकाळच्या पॅसेंजरने येणार, क्लास करून जळगावातल्याच शाळेत जाणार. चौघी येणार तर एकदम, नाही तर एकही नाही. निर्णय अक्कांच्या भावजयीच्या हातात होता, कारण तिची मुलगी त्यांच्यातली पुढारी. शाळा उघडायला सहा दिवस असताना ती स्वतः बघायला आली.

अशी तपासणी माझ्या क्लासची कुठल्या अधिकाऱ्याने कधी केली नाही. तिने खोली पाहिली, खिडकी कुठे उघडते ते पाहिलं, मागचा संडास पाहिला, कडी लावून पाहिली. स्टेशनवरून मुली कोणत्या रस्त्याने येतील ते विचारलं. अक्का म्हणाल्या, पहिले आठ दिवस मी घ्यायला जाईन. मग ती सतरंजीवर बसली, पाणी प्यायली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘बाई, एक सांगा. मार्चपर्यंत तुम्ही इथंच आहात ना? का धुळ्याची नोकरी अजून आहे तुमची?’’

अक्का खाली बघू लागल्या. त्यांनीच सांगितलं असणार. सांगू नये असं त्यात काही नव्हतं.

मी वहीतला नियम मनात वाचला. पंचवीस झाली तर राजीनामा. म्हणजे या बाईने हो म्हटलं की मी थांबणार होते, आणि मी थांबणार असेन तरच ती हो म्हणणार होती. वर्षभर मी लोकांना सांगत होते की तुमचं मूल माझ्यावर सोडा, आणि माझं स्वतःचं मूल नव्वद किलोमीटरवर ठेवलं होतं, कारण माझा माझ्यावर तेवढा भरवसा नव्हता. हे तिला दिसत होतं. एकवीस मुलांच्या घरांतल्या बायांनाही दिसत असेल, त्यांनी विचारलं नाही एवढंच.

‘‘उद्या मी धुळ्याला जातेय,’’ मी म्हणाले. ‘‘राजीनामा द्यायला, आणि मुलीला घेऊन यायला.’’

‘‘मग परवा कळवते,’’ ती म्हणाली आणि उठली. त्या दिवशी तिने हो म्हटलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी विचारलं, पंचवीस झाली का? मी म्हटलं, एकवीस. माझे वहीतले नियम त्याला ठाऊक होते. मग माळ्यावरून मुलीसाठी आणून ठेवलेली खाट काढायला स्टूल शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला गेले. शाळेच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, राजीनामा दोनदा वाचला. मग म्हणाल्या की कायमची नोकरी सोडून कुणी क्लास काढल्याचं त्यांनी ऐकलं नाही, पण आपल्या दहावीच्या मुलींसाठी दिवाळीच्या सुट्टीत धुळ्यात पंधरा दिवस घेणार असाल तर खोली मी देते. मी वही काढून तिथेच लिहून घेतलं. धुळ्याची शाखा पुढे निघाली ती त्याच दिवाळीच्या पंधरा दिवसांतून.

तिथून मुलीच्या शाळेत गेले. ऑफिसातले भाऊ दाखला लिहीत होते. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यापाशी त्यांनी पेन थांबवलं आणि म्हणाले, ‘‘वडिलांची बदली लिहितो. सगळे तेच लिहितात.’’

‘‘वडील तिथेच आहेत, पाच वर्षांपासून,’’ मी म्हटलं. ‘‘आईचा क्लास लिहा.’’

ते हसले, असं लिहिता येत नाही म्हणाले आणि ‘स्थलांतर’ लिहिलं. मुलगी माझा पदर धरून दाखल्यावरची शाई वाळताना बघत होती. निघता निघता मी त्यांना विचारलं, घरी कुणी नववीत आहे का? पुतणी होती.