फुईने घंटा वाजवली नाही

आग लागल्याचं कळूनही माझ्या फुईने घंटा वाजवली नाही.

आणि आमच्या घरात आजही ह्या गोष्टीचा माज केला जातो.

फुई म्हणजे वडिलांची आत्या. वय अठ्ठ्याण्णव. आज सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून नातसुनेला झापलं, पाठ टेकली आणि गेली.

रडकी पोस्ट लिहिली तर वरून शिव्या घालेल. म्हणून तिचा पराक्रमच सांगतो.

काळ महायुद्धाचा. रॉकेलचा थेंब मिळेनासा झालेला. फुई अठराची, लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन माहेरी परतलेली.

तिचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, आमच्या गावच्या नगरपालिकेत आगीच्या घंटेवर नोकरीला होते.

कुठेही आग लागली की लोक त्यांच्या खोलीकडे धावत यायचे. पणजोबा आधी घंटा बडवायचे, मग पाण्याच्या टाकीची बैलगाडी आणि हाताने चालवायचा बंब पाठवायचे. आता हे काम करणाऱ्याला डिस्पॅचर म्हणतात. एसीत बसून, हेडफोन लावून करतात.

पणजोबा हिवतापाने पडले की त्यांच्या खुर्चीवर फुई बसायची. साहेबांना ठाऊक होतं, पण काम चाललंय ना, म्हणून तेही गप्प.

त्या दिवशी आठवडे बाजार. भर दुपार. पणजोबा घरी थंडीने कुडकुडत होते आणि फुई एकटी खोलीत.

सरकीचे व्यापारी सेठजी धावत आले. डोक्यावर पगडी नाही! गावाने त्यांना तसं कधी पाहिलंच नव्हतं.

"बाई, घंटी बजा! म्हारे घर में आग लागी!"

फुईने दोरीला हातच लावला नाही. विचारलं, "काय जळी ऱ्हायनं?"

"नीचे सरकी का गोदाम!"

"मझार कोन शे?"

आत कोण, म्हटल्यावर सेठजी रडायलाच लागले. वर माडीवर त्यांची सून होती. दहा दिवसांची बाळंतीण. आणि तिची तान्ही पोर.

आता ऐका.

सेठजींचं घर बाजारगल्लीच्या पार टोकाला. गल्लीत धानोऱ्याचे भाजीवाले, खांडबाऱ्याहून रेल्वेने आलेली माणसं, डोंगरातून डिंक अन् चारोळी घेऊन उतरलेले लोक. पाय ठेवायला जागा नाही.

मागच्याच उन्हाळ्यात अशीच घंटा वाजली होती. अख्खा बाजार आग बघायला धावला आणि पाण्याची गाडी त्या गर्दीत अडकली. पोहोचली तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. फुईने ते स्वतः पाहिलं होतं.

म्हणून तिने दवंडीवाल्या भिकातात्यांना हाक मारली.

"तात्या, चावडीवर रॉकेल वाटी ऱ्हायनात, अशी दवंडी दे."

"खरंच वाटी ऱ्हायनात का?"

"तू पयले दवंडी दे!"

चावडी गावाच्या दुसऱ्या टोकाला. रॉकेल वाटताहेत, असं ओरडत तात्यांनी डफ बडवला आणि गल्ली बघता बघता रिकामी झाली. कुणी बाटली उचलली, कुणी डबा. एक जण तर डिंकाची रास तशीच उघडी टाकून पळाला.

मोकळ्या गल्लीतून बैलगाडी आणि बंब सुसाट गेले.

गाडीवर पाणकऱ्यांच्या शेजारी फुईने एक सुईणही बसवली होती. पाणकरी हसले. फुई म्हणाली, "सेठजीनी सून परक्या मानसेसमोर येवाव नही. जीव गया तरी."

झालंही तसंच. माडीला शिडी लावली तर सून घुंघट ओढून कोपऱ्यात बसलेली. हलायला तयार नाही. खालून सासरा ओरडतोय, धूर वर चढतोय.

शेवटी सुईण शिडी चढली आणि कडाडली, "पदर मागून ले, पयले पोर दे मन्हाजोडे!"

पोर आधी खाली आली. मागोमाग आई.

सरकी गेली. माडी राहिली. माणसं सगळी वाचली.

पण इकडे चावडीवर सगळा बाजार रिकामे डबे घेऊन उभा! फसवलं गेल्याचं कळताच लोक बोंबलत नगरपालिकेवर चालून आले. साहेब जेवणावरून उठून आले, ते आधीच लालबुंद.

"घंटा का नाही वाजवली?"

"गाडी पोचाले पाहिजे व्हती, साहेब. लोके नही."

"आणि खोटी दवंडी? तुझ्या बापाची नोकरी जाईल, कळतंय का?"

घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

तेवढ्यात बाहेरचा आरडाओरडा थांबला.

साहेबांनी खिडकीतून पाहिलं. सेठजी गावाबाहेरच्या आपल्या कोठारातून बैलगाडीभर साठवून ठेवलेले रॉकेलचे डबे घेऊन आले होते. तसेच उघड्या डोक्याने, काजळी लागलेल्या धोतरात. स्वतःच्या हाताने ज्याच्या त्याच्या बाटलीत रॉकेल ओतत होते. फुकट.

"आओ भाई, सबको मिलेगा! दवंडी सुनी ना?"

फुई साहेबांकडे वळली.

"खोटी कसी, साहेब? वाटी त ऱ्हायनात."

साहेबांना हसू आवरेना.

पुढच्या आठवड्यात लेखी हुकूम निघाला. बाजाराच्या दिवशी गाडी आधी जाईल, घंटा नंतर. आणि घंटेच्या नोकरीवर पणजोबांच्या जागी नाव लागलं ते फुईचं.

साहेबांनी तिला सही करायला बोलावलं, तेव्हा तिने सांगितलं, "माले लिखता येत नही." अंगठा उमटवला आणि त्याच अंगठ्याची शाई केसांना पुसत ऐटीत घरी आली.

फुई, तुझी आठवण येणार गं. खूप येणार. पण छाती फुगवूनच निरोप देतोय आम्ही तुला.

अंत्ययात्रा आज चार वाजता, राहत्या घरून.

वेळेवर या. उशीर तिला कधीच चालला नाही.