दुपारची सिल्लोड–फर्दापूर

आमच्या मॅडमइतका वेळ वाया घालवणारी विदुषी उभ्या मराठवाड्यात दुसरी झाली नसावी. समाजकार्य विभागात त्यांनी आयुष्यभर वार्धक्य शिकवले आणि त्यांचा सिद्धान्त एकच: म्हाताऱ्या माणसाची गोष्ट ऐकणे हीसुद्धा शुश्रूषाच, ती मध्येच तोडू नये. संख्याशास्त्र शिकून त्यांच्याकडे संशोधनासाठी आलेल्या मला हे पचायला जड गेले. एका परिषदेत वेळ संपल्याची घंटा वाजली, तेव्हा त्यांच्या निबंधातल्या पिशोरच्या आजी अजून बोहल्यावरच उभ्या होत्या. "निष्कर्ष?" अध्यक्षांनी विचारले. "आधी लग्न तर लागू द्या," मॅडम म्हणाल्या. ते लग्न आजींनी दर भेटीत निराळे सांगितले होते. त्यातले खरे कोणते, असे मी विचारले, तर मॅडम म्हणाल्या, "पुन्हा एकदा ऐकून येऊ या का?"

पडेगावच्या वृद्धाश्रमात सिल्लोडचे एक निवृत्त एसटी चालक होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी अन्न सोडले आणि नळी घालण्याची भाषा सुरू झाली. मॅडम नुसत्या त्यांच्याजवळ बसून राहिल्या. त्यांच्या ध्यानात आले की चाचा पलंगावर बसून सिल्लोड–फर्दापूर गाडी चालवतात आणि थांबा आला तरच घास घेतात. तेव्हापासून भर उन्हात, दुखरे गुडघे सांभाळत, मॅडम रोज दुपारी मागच्या खुर्चीवर प्रवासी होऊन बसू लागल्या. "मॅडम, याला संशोधनपद्धती म्हणायचे?" मी दमून विचारले. "आधी तिकीट काढ."

यंदा मॅडम निवृत्त होऊन लेकीकडे नाशिकला राहायला गेल्या आणि ती खुर्ची माझ्याकडे आली. पहिल्याच दुपारी चाचांनी मागे वळून पाहिले.

"बाई कुठं हायत?"

"नाशिकला गेल्या, चाचा. तुम्ही निघा."

"असं कसं? रोजची सवारी हाय. त्यांना सोडून गाडी हलायची नाय."

ताटातली भाकरी तशीच होती. पुराव्याशिवाय न बोलणारी मी बोलून गेले, "त्या गोळेगावला चढणार आहेत."

गाडी सुटली. गोळेगावला त्यांनी दोन घास खाल्ले आणि दाराकडे पाहिले. "आल्या नाय."

"अजिंठ्याला चढतील."

माझा प्रबंध रखडला आहे. रोज दुपारी मी मॅडमना असे एकेक थांबा पुढे ढकलते. घाट उतरला की फर्दापूर, आणि त्यापुढे सांगायला थांबाच उरत नाही. म्हणून अजिंठा मागे पडला की मी खुर्ची जराशी जवळ ओढते.

"चाचा, उतार आहे. हळू घ्या."