वाईट आधी सांगणारे बोर्डअप्पा

बोर्डअप्पा आपल्या खात्याकडे येताना दिसले की गिरणीतल्या माणसांचे हात थांबायचे. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात टाचण्यांची जुनी डबी. अप्पा तसे गोड स्वभावाचे, पण ते स्वतः चालत आले याचा अर्थ बातमी वाईट आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चांगली बातमी ते नुसती बोर्डावर लावत. वाईट बातमी ज्याला लागणार असेल, त्याच्याजवळ जाऊन तोंडानं सांगत आणि मगच कागद लावत. बोर्डाच्या जाळीला कुलूप असे आणि त्याची किल्ली अप्पांच्या करगोट्याला. साहेब असो की युनियनचा पुढारी, अप्पांच्या हाताशिवाय त्याचा कागद त्या बोर्डावर लागत नसे.

नांदेडच्या त्या मोठ्या गिरणीत आतल्या आत निरोप पोचवणं हे एक खातंच होतं. एक खोली, एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि उदगीरकडचे बोर्डअप्पा. मोठ्या दुष्काळात मी कंधारहून तिथं कारकून म्हणून चिकटलो. त्याआधी अर्धापूरची केळी बाजारात विकत होतो. घासाघीस हीच माझी शाळा.

मी लिहिलेली पहिली सूचना अप्पांनी वाचली आणि विचारलं, "यातलं वाईट कुठाय?"

"खाली. शेवटून दुसऱ्या ओळीत."

त्यांनी कात्री घेतली, ती ओळ कापली आणि खळीनं वर चिकटवली. "वाईट आधी. गोड मागून. उलटं केलास तर माणूस गोड इसरतो अन् तुला चोर म्हणतो."

मी गप्प बसणारा नव्हतो. "अप्पा, बाजारात पिकलेलं केळ वर ठेवतात."

"आपण केळी इकून राहिलो का?"

त्याच उन्हाळ्यात गिरणीच्या विहिरी आटल्या आणि रात्रपाळी बंद करायचं ठरलं. साहेबांचं म्हणणं, सुटीच्या आदल्या संध्याकाळी माणसं घरी गेली की कागद लावावा. अप्पा म्हणाले, "कागद लावतो साहेब, पण आधी माणसं." आणि डबी खिशात टाकून निघाले. रंगखात्यातले रहीमचाचा तर भडकलेच. अप्पांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अप्पा खाली मान घालून ऐकत राहिले. चाचा दमले तेव्हा विचारलं, "झालं, का अजून हाय?" चाचांना हसू आवरेना. "तुम्हारे मुंह पे गाली भी नहीं टिकती अप्पा," म्हणाले आणि त्यांनीच चहा सांगितला. दुसऱ्या दिवशी बोर्डावर कागद लागला, तेव्हा एकही दगड आला नाही. तिथं मला कळलं की हे काम शिकण्यासारखं आहे.

मी ते मन लावून शिकलो. त्यामुळेच पुढं जे झालं ते मला लागलं. गिरणीनं सूचना अधिकाऱ्याची नवी जागा काढली. ती माझीच, असं मी धरून चाललो होतो, सगळेच धरून चालले होते. एका सकाळी मी नळावर पाणी भरत होतो आणि गल्लीच्या तोंडाशी अप्पा दिसले. माझे हात थांबले.

"तुझं नाव न्हाई," ते म्हणाले. "साहेबानं मला इचारलं. म्याच नको म्हणलो."

"कामून?"

"तू बातमीचा भाव करतोस. साहेबाला थोडी देतोस, युनियनला थोडी देतोस अन् मधली ठेवून घेतोस."

मी भरलेली बादली लाथेनं उडवली. अप्पा वाहत्या पाण्याकडं बघत म्हणाले, "पाणी कामून सांडलास? मला शिवी द्यायची होतीस की."

शिवी मी दिली नाही, राजीनामा दिला. त्या जागेवर आलेला मनुष्य वर्षभरात पुण्याला निघून गेला, हे मी अजून विसरलेलो नाही. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवी कार्यालयं, नव्या संस्था, जो तो खुर्च्या मांडत होता. तिथल्या एका मोठ्या सहकारी संस्थेत मी शिरलो. गावोगावच्या शाखांना जोडणारं अंतर्गत पत्रक काढलं, प्रत्येक शाखेत कुलपाचा बोर्ड लावला आणि त्याच कामावर अधिकारी झालो. हे सगळं कोणाकडून शिकलो, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, स्वतःच.

मग एका दुपारी बोर्डअप्पा एसटीनं लातूरला आले. वाळले होते. माझ्या टेबलासमोर बसले आणि पत्रक चाळत म्हणाले, "वाईट बातमी कितव्या पानावर?"

"पहिल्या."

"हाव." एवढंच, पण तोंडभर हसले. खोली आवडली म्हणाले, खुर्ची आवडली म्हणाले, लेकरांची नावं विचारली. मी वाट बघत होतो ती एकाच वाक्याची. शेवटी स्पष्टच बोललो, "अप्पा, तेव्हा चुकलं एवढं म्हणा. मग चहा मागवतो."

"मग पाणीच दे लेकरा," ते हसत म्हणाले.

पाणी प्यायले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत चढताना ते मागं वळले. काही म्हणणार असं वाटलं. म्हणाले, "नांदेडला येणं झालं तर लवकर ये." मी म्हटलं, बघू.

ते गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं, तेही आतल्या पानावर. माझं डोकं फिरलं. ज्या माणसानं जन्मभर घरोघरी जाऊन सांगितलं, त्याच्या घरचं मला कोणी सांगू नये? पहिल्या गाडीनं नांदेड गाठलं आणि त्यांच्या मुलावर, बसवराजवर, दारातच तुटून पडलो. "मला सांगायला माणूस का नाही पाठवलात?"

तो गोंधळला. "काका, अप्पा स्वतः आले होते ना तुमच्याकडं? डॉक्टरांनी दिवस थोडे आहेत म्हणल्यावर पहिले तुमच्याकडंच निघाले. आम्ही नको म्हणत होतो. परत आल्यावर म्हणाले, लातूरचं म्या सांगून आलो, तिकडं कोणाला पाठवू नका."

मी ओट्यावर बसलो आणि ती दुपार पुन्हा शोधून पाहिली. पत्रक, खोली, खुर्ची, लेकरं. सगळं गोड आधी सांगितलं होतं. वाईट शेवटाला ठेवलं आणि गाडी सुटली.

अधिकाऱ्याच्या जागेचं भांडण मी त्या ओट्यावर सोडून आलो. हे दुसरं मात्र सोडणार नाही. रहीमचाचांना तोंडावर सांगितलं, नळावर मला तोंडावर सांगितलं, आणि स्वतःचं सांगायची वेळ आली तेव्हा अप्पांनी मला गिऱ्हाइकासारखं पिकलेलं केळ दाखवलं. यात त्यांना सूट नाही.