उन्हात वाळवलेले सेल

जपानचे उपासक कळंबला आमच्या विहारात येऊन गेले आणि जाताना एक टेपरेकॉर्डर न् एक कॅसेट ठेवून गेले. एका बाजूला सूत्रपठण, दुसऱ्या बाजूला एका जपानी बाईची गाणी. ती गाण्याची बाजू आम्हाला सापडली तोवर सेल उतरले होते. दुष्काळात नवे कुठले आणायचे? जुनेच काढून पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे, म्हणजे थोडा जीव धरायचे. तेव्हा घरोघरी हीच रीत होती.

बाई जड, दबल्या आवाजात गायची, एकेक ओळ ओढत. शब्द कुणाच्या बापाला कळत नव्हता. माझी थोरली बहीण, आक्का, नवऱ्यानं टाकलेली. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि सांजच्याला विहारात येऊन ऐकत बसायची. म्हणायची, "हिनं बी लई सोसलंय बघ." त्या चालीवर तिनं आमच्या जयंतीचे शब्द बसवले. ती गायला लागली की खडीवरच्या बायांचे हातोडे थांबायचे.

गायन पार्टीला गाणारी बाई हवी होती. आक्काला खडीतून सुटायला तेवढीच एक वाट होती. पार्टीचे पेटीमास्तर कडक. आधी मूळ गाणं ऐकायचे, मग त्या चालीवर बसवलेलं आपलं. "मुळाला धरून न्हाय ते गाणंच न्हाय," म्हणायचे. येताना त्यांनी कोरे सेल आणले, मूळ नीट ऐकू यावं म्हणून.

बटण दाबलं आणि अगं बया! बाई टणाटण उड्या मारत गायला लागली. लग्नातल्या करवलीसारखा बारीक, हसरा आवाज. आमचे मेलेले सेलच टेप हळू फिरवून तिला इतके दिवस रडवत होते.

आक्का तरी तिला यायचं तसंच गायली. मास्तर म्हणाले, "आवाज चांगलाय बाई, पण चाल चुकली. मुळात न्हाय ते रडगाणं कशाला?" शेजारच्या गल्लीतल्या एकीनं टेप ऐकून तिथल्या तिथं हसरी चाल उचलली, तिला घेतलं. मला असा संताप आला, वाटलं त्यांची पेटी आडात टाकावी!

आक्का मात्र भांडली न्हाय. "तुम्ही म्हणता ते खरंय मास्तर," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी खडीवर गेली. बाया म्हणायच्या, "एक म्हण की." ती म्हणायची, "चुकीचं हाय ते." परत ती कधीच गायली न्हाय. तशीच गेली.

आता नातीनं मोबाईलवर ते गाणं शोधून दिलंय. कुणीकुणी गायलेलं सापडतं. मी मास्तरांसारखीच ऐकत बसते, हिचं मुळाजवळ, तिचं लांब. माझं मूळ मात्र वेगळंय आणि त्याच्याजवळ कुणीच येत न्हाय. सगळ्या मेल्या हसतात.

त्या टेपरेकॉर्डरवर आवाज भरायचं लाल बटण होतं. पण कॅसेट एकच. बाईचं गाणं पुसलं जाईल म्हणून आम्ही ते कधी दाबलं न्हाय.