वावरात गेलेली माणसं

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि ग्रामसुधाराचं वारं नागपुराहून आमच्या बुलढाणा जिल्ह्यापर्यंत येऊन पोचलं होतं. मी चिखलीला मुलींच्या शाळेत शिकवत असे. तालुक्याच्या सुधार कमिटीचे अध्यक्ष, एक पेन्शनर तहसीलदार, एक दिवस शाळेत आले. अमडापूरच्या पलीकडच्या एका गावाला त्यांनी आदर्श गाव म्हणून ढाल दिली होती.

"शोषखड्डे किती खणले, उकिरडे किती हलवले, हे सगळं आमच्याकडे आहे," ते म्हणाले. "पण त्यानं घरातल्या बायांचं काही बरं झालं का, ते कळत नाही. आमच्याशी त्या बोलत नाहीत. तुम्ही जा, त्यांच्यात बसा, आणि त्या काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत मला आणून द्या."

उन्हाळ्याची सुटी होती. मी गेले. गाव खरोखरच देखणं होतं. अंगणं सारवलेली, भिंती चुन्यानं पांढऱ्या केलेल्या, गल्लीत शिंतोडाभर सांडपाणी नाही. पाटलांकडे माझी उतरायची सोय होती. रोज सकाळी मी कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसे आणि एवढंच विचारी, "सुधार आल्यापासून काय बदललं?" बाया आधी पदरात हसायच्या, मग मोकळेपणी बोलायच्या.

दुपारी मी ऐकलेलं एकेक बोलणं चिठ्ठीवर उतरवी आणि सारख्या बोलण्यांच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवी. धुराच्या वेगळ्या, माशांच्या वेगळ्या, पाण्याच्या वेगळ्या. "घर मोकळं झालं" हे वाक्य बऱ्याच घरी ऐकलं होतं. अडगळ निघाली, असा अर्थ घेऊन मी ते स्वच्छतेत टाकलं.

एका चिठ्ठीपाशी मात्र मी थांबले. त्या घरच्या सुनेला मी सहज विचारलं होतं, "सासूबाई दिसल्या नाहीत?" ती म्हणाली होती, "वावरात हाय." दुसऱ्या एका घरी सासऱ्याबद्दल तेच उत्तर होतं. मग मी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या. जिथं जिथं म्हातारं माणूस वावरात होतं, तिथं तिथं घर मोकळं झालं होतं. वैशाख चालू होता. वावरं वखरून उघडी पडली होती. त्या उन्हात म्हाताऱ्यांना तिथं काय काम?

पाटलांच्या सुनेला विचारलं. ती भाकरी थापत होती.

"नाल्याकाठी आमचा जुना गोठा हाय," ती म्हणाली. "तिथं असतात सगळे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच नाल्याच्या वाटेनं गेले. गोठ्याला दार नव्हतं, नुसता तट्ट्या आडवा लावलेला. आत पाच-सहा म्हातारी माणसं होती. एकाला दिसत नव्हतं. एकाच्या पायाला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. कोपऱ्यात एक बाई खोकत होती, खोकताना तिचं अख्खं अंग वाकत होतं. मला पाहताच तिनं तोंडावर पदर ओढला आणि घाईघाईनं म्हणाली, "मी या गावची नाही बाई. लेकीकडं चालली होती, उन्हाची टेकली."

मी तिथंच खाली, शेणामातीत बसले.

"आजी, मी तपासायला नाही आले," मी म्हणाले.

तिनं पदर जरा बाजूला केला. "मंग ढाल वापस तं नाही नेणार?"

हळूहळू तिनं सांगितलं. तपासणीच्या आधी गावात बैठक झाली होती. घरात आजारी माणूस दिसलं तर गुण कापले जातात, असं कळलं होतं. "मीच म्हटलं सुनेले, मी दोन रोज वावरात जाते. गावाचं नाव होते तं होऊ दे. पण ढाल भेटल्यावर पाहुणे येऊनच राह्यले. आज हे साहेब, उद्या ते साहेब. मंग कोणी घ्यायलेच आलं नाही."

भाकरी वेळेवर येत होती. कुणी त्यांना मारत नव्हतं, कुणी शिव्या देत नव्हतं. मला त्याचाच जास्त धक्का बसला.

त्याच दिवशी छकडा जोडून मी चिखलीला परतले आणि अध्यक्षांच्या घरी गेले. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "आजाऱ्याचे गुण खरंच कापले जातात?"

"हो," ते म्हणाले. "म्हणजे आजाऱ्यांना दवाखान्यात न्यावं, असं आमच्या मनात होतं." मग ते पुटपुटले, "ते कलम मीच घातलं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना बरोबर घेऊन ते स्वतः त्या गोठ्यात गेले. ढाल त्यांनी काढून घेतली नाही. म्हाताऱ्यांमुळे ढाल गेली, असा आळ त्यांच्यावर येईल, असं ते म्हणाले. ते कलम मात्र त्यांनी रद्द करून घेतलं.

पायाला चिंध्या असलेल्या म्हाताऱ्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं, तो तिथंच गेला. बाकीचे घरी परतले. खोकणाऱ्या आजीची सून मला पुढं अमडापूरच्या बाजारात भेटली. मी ओळखीचं हसले. ती हसली नाही.

"तुम्ही आमच्या घरी चहा पेल्या," ती म्हणाली. "मले विचारलं असतं तं मीच आणलं असतं तिले. आता सारं गाव मलेच बोलते."

"मग का नाही आणलं?" मी विचारलं.

तिनं पिशवीतली वांगी उगाच खालीवर केली. "पह्यल्या दिवशी लय रडू आलं," ती म्हणाली. "मंग सवय झाली." आणि गर्दीत निघून गेली.