न पाहिलेला वेढा

एका खेळाच्या शेवटाबद्दल मी लिहिलं, आणि तो शेवट मी पाहिलेला नव्हता. माझी चूक ही. एका वाक्याची. ते वाक्य लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. परत घ्यायला तीन महिने लागले.

मी एका सरकारी बँकेत अधिकारी आहे. बदलीवर कोलकात्याला आलो त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. सॉल्ट लेकमध्ये भाड्याचं घर, डलहौसी चौकात ऑफिस. कॉलेजात असताना व्हिडिओ गेमचा नाद लागला, तो बावन्नाव्या वर्षीही सुटलेला नाही. हातात धरून खेळायचा छोटा कन्सोल माझ्या बॅगेत डब्याशेजारी असतो. मेट्रोतले लोक आधी स्क्रीनकडे बघतात, मग माझ्या पांढऱ्या मिशीकडे. काही वर्षांपासून मी एका इंग्रजी वेबसाइटवर टोपणनावाने अशा खेळांची परीक्षणं लिहीत होतो. पैसे मिळत नसत. खेळ सगळ्यांच्या आधी हातात येई, आणि ऑफिसात ज्याचं मत कोणी विचारत नाही अशा माणसाचं मत तिथे लोक वाचत, त्यावर भांडत. टोपणनाव बँकेमुळे घेतलं होतं, परवानगीशिवाय बाहेर लिहायची मुभा नसते. पुढे त्याची सवय झाली.

या कामाची एक पद्धत आहे. खेळ बाजारात येण्याच्या आठवडाभर आधी आमच्याकडे येतो, पण परीक्षणं सगळ्यांनी एकाच ठरलेल्या तासाला प्रसिद्ध करायची. त्या तासाला जे हजर असतात ते वाचले जातात. दोन दिवसांनी आलेलं परीक्षण कोणी उघडून बघत नाही. खेळ दहा तासांचा असो की साठ तासांचा, आठवडा तेवढाच.

हा खेळ साठ तासांचा होता. इथल्याच सेक्टर फाइव्हमधल्या, म्हणजे आयटी कंपन्यांच्या भागातल्या, एका छोट्या गटाने केला आहे एवढं मला माहीत होतं, आणि त्याचं कौतुकही वाटलं होतं. एका मोठ्या नदीच्या मुखाशी शेकडो बेटं, त्यांवर आपसात लढणारी सात कुळं, पाण्यात राहणारी भुतं, आणि भरती-ओहोटीप्रमाणे बदलणारा नकाशा. ज्या वाटेने सैन्य न्यावं ती वाट परतीच्या वेळी पाण्याखाली. सैनिकही हुकूम ऐकतीलच असं नाही. आधीच्या लढाईत तुम्ही कोणाला मागे टाकून आलात ते त्यांच्या लक्षात राहतं, आणि तसं ते बोलून दाखवतात, लांबलचक संवादांतून. हे संवाद वगळायचं एक बटण होतं.

मी ते दाबत राहिलो. मेट्रोत वीस-पंचवीस मिनिटं मिळायची, त्यात बेटावरच्या म्हाताऱ्या नावाड्याचं गाऱ्हाणं कोण वाचत बसणार? त्या आठवड्यात शाखेत ऑडिट होतं. शनिवारी दुपारी संपादकाने विचारलं, "संध्याकाळपर्यंत येतंय ना?" तेव्हा माझे अकरा तास खेळून झाले होते.

मी लिहिलं की खेळ विनाकारण गुंतागुंतीचा आहे, सैनिक हुकूम का मोडतात ते कळत नाही, नियम कोणी समजावून देत नाही. हे निदान माझं मत होतं, बटण दाबून मिळवलेलं का असेना. मग वाचून पाहिलं तर परीक्षण अर्धवट वाटलं. नकाशाच्या टोकाला एक काळा किल्ला दिसत असे, दार बंद असलेला. तीस वर्षं असले खेळ खेळलेल्या माणसाला बंद किल्ला दिसला की पुढचं ठाऊकच असतं. मी वाक्य जोडलं, "आणि एवढा वेळ घालवून शेवटी काय, तर तोच तो किल्ल्याला घातलेला कंटाळवाणा वेढा." दहापैकी पाच गुण दिले आणि पाठवून दिलं.

ठरलेल्या तासाला सगळी परीक्षणं आली. काहींनी खेळाला डोक्यावर घेतलं होतं. काहींनी माझ्यासारखीच नाकं मुरडली. आणखी दोन परीक्षणं दुसऱ्या दिवशी आली, त्या दोन्हींत शेवटच्या वेढ्याला नावं ठेवली होती. मला बरं वाटलं. म्हणजे अंदाज बरोबर निघाला, असंच मी समजलो. ते दोघे माझं वाचून लिहीत असतील हे तेव्हा मनात आलं नाही. किंवा मी येऊ दिलं नाही.

महिन्यातून एका रविवारी आमच्या मराठी मंडळात सगळे नाश्त्याला जमतात. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक आहेत, भौतिकशास्त्राचे. त्यांचे आजोबा इथे आले आणि इथलेच झाले. आम्हा बदलीवर आलेल्यांची ते कायम फिरकी घेतात.

"काय साहेब, आली का बदली?"

"नाही हो सर, अजून नाही."

"मग साबुदाणा घ्या आणखी. बदलीवाल्यांचा भरवसा नाही, खाऊन ठेवलेलं बरं."

परीक्षणानंतरच्या त्या रविवारी त्यांची मुलगी बशी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. तिशीची असेल. कॉम्प्युटरवर काहीतरी करते, एवढंच मला ठाऊक होतं. ती म्हणाली, "काका, तुम्ही गेम खेळता ना? बाबा सांगतात, मेट्रोत पण खेळता."

"खेळतो थोडाफार."

"मग आमचा खेळलात?" आणि तिने त्या खेळाचं नाव घेतलं.

"नाही," मी म्हटलं. "ऐकलंय फक्त."

"धुत्, तुम्ही पण नाही!" ती हसली, मग तिचा चेहरा पडला. "बघा ना काय झालंय. अवघड आहे म्हणाले, ठीक आहे. कंटाळा आला म्हणाले, ते पण ठीक. पण तिघांनी लिहिलंय की शेवटी किल्ल्याला वेढा आहे. काका, शेवटी वेढाच नाहीये! शेवटी लढाईच नाही!"

"मग काय आहे?"

"मोठी भरती येते. किल्ल्याचं दार आतून उघडतं, आणि दोन्हीकडची माणसं एका नावेत बसून बोलतात. बस्. आधी वेढा होता, पहिल्या व्हर्जनमध्ये. तो आम्ही रद्द केला. काढायचं काम माझं होतं. मी काढला, पण कुठेतरी उरलाय. तिघांना दिसला म्हणजे असणारच ना? तीन-तीन माणसं उगाच खोटं कशाला लिहितील?"

प्राध्यापक म्हणाले, "मी हिला तेच सांगतोय. तीन निरीक्षणं सारखी आली तर निरीक्षकावर शंका घ्यायची नाही. उपकरण तपासायचं."

ती तीन आठवडे ते उपकरण तपासत होती. परदेशातल्या ज्या कंपनीने खेळ बाजारात आणला, तिच्याकडून दुसऱ्या भागाला होकार यायचा होता, आणि ही चूक सापडत नाही तोवर तो अडला होता. गटातले लोक तोंडावर काही बोलत नसत, पण वेढा काढायचं काम कोणाचं होतं हे सगळ्यांना माहीत होतं.

"काका, एक काम कराल? तुम्ही शांतपणे खेळणारे. शेवटपर्यंत खेळून बघा. वेढा दिसला तर तिथेच थांबा, काही दाबू नका, मला फोन करा."

तेव्हा सांगता आलं असतं. बशीत साबुदाणा होता, समोर प्राध्यापक होते, आजूबाजूला पंधरा-वीस माणसं. मी म्हटलं, "करतो."

सहा आठवडे मी तो खेळ खेळलो. या वेळी संवाद वाचले. ज्या नावाड्याला मी वगळलं होतं, तो सांगत होता की पहिल्याच लढाईत मी त्याच्या भावाला ओहोटीच्या चिखलात सोडून सैन्य पुढे नेलं. म्हणून त्याच्या नावा माझ्यासाठी हलत नव्हत्या. मी याला विनाकारण म्हटलं होतं. मी परत गेलो, भावाला बाहेर काढलं, आणि नावा हलल्या. असं दर दोन-चार तासांनी होत होतं. खेळ सगळं समजावून सांगत होता. मधून मधून मी तिला मेसेज करायचो. "एकतीस तास झाले. अजून काही नाही." "चव्वेचाळीस. काही नाही." ती लगेच आभार मानायची. एकदा तिने वडिलांच्या हाती नव्या गुळाचे संदेश, ती बंगाली मिठाई, पाठवले. बायको म्हणाली, "केवढी गुणी मुलगी आहे. काय मदत करताय तुम्ही तिला?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरचं काहीतरी आहे." संदेश मी खाल्ले. हेही लिहायला हवं.

शेवट जवळ आला त्या सकाळी माझं स्टेशन मागे गेलं ते कळलं नाही. मेट्रो नदीखालून हावडा मैदानला पोचली. तिथल्या बाकावर बसून मी ती भरती पाहिली. काळ्या किल्ल्याचं दार आतून उघडलं आणि माणसं मिठाची पोती घेऊन बाहेर आली. म्हातारा नावाडी वल्ही धरून बसला होता. कोणी हत्यार उचललं नाही. मला ऑफिसला उशीर झाला होता आणि उठवत नव्हतं.

मी तिला कळवलं, "संपला. वेढा नाही."

उत्तर आलं, "म्हणजे तुमच्यात पण नाही. मग कधी दिसतो? आता परत पहिल्यापासून शोधावं लागेल."

माझ्या मदतीचा उपयोग असा झाला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बदलीची ऑर्डर आली, नागपूरची. कागद हातात घेतल्यावर पहिलं काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर, सुटलो. आम्हा बदलीवाल्यांना ही सवय लागलेली असते. रायपूरला शेजाऱ्यांशी भांडण झालं होतं, ते मिटवलं नाही, कारण दोन महिन्यांत निघायचंच होतं. जबलपूरच्या वाचनालयाची दोन पुस्तकं अजून माझ्या कपाटात आहेत. गाव सुटलं की गावातलं जे काही असेल ते तिथेच राहतं, असं धरून मी पंचवीस वर्षं काढली. ट्रकमध्ये सामान चढलं की झालं.

मंडळात बदलीवर जाणाऱ्याला शाल-श्रीफळ देऊन निरोप देतात. माझा रविवार ठरला. आदल्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"काका, उद्या मी बोलणार आहे तुमच्याबद्दल. बाबा हसतायत माझ्या मराठीला, हसू दे. साठ तास कोण खेळतं दुसऱ्यासाठी? आणि ऐका ना, ते वेढ्याचं मी आता सोडून देतेय. गटातर्फे नको, मीच लिहिते म्हटलं. माझ्या नावाने माफी मागते सगळ्या खेळणाऱ्यांची. आज टाकते."

मी म्हटलं, "टाकू नकोस. मी येतो."

दार प्राध्यापकांनी उघडलं. "या साहेब, निरोप उद्या आहे, आज कसे?" आत टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा होता, त्यावर माफीचा मजकूर. चूक शोधूनही सापडली नाही, पण जबाबदारी माझी आहे, असं तिने लिहिलं होतं.

"वाचा ना काका. इंग्लिश बरोबर आहे?"

"हे टाकू नकोस. चूक नाहीच आहे तुझ्या खेळात. तो वेढा मी लिहिला."

तिला कळलं नाही. "कशात लिहिला?"

मी टोपणनाव सांगितलं. प्राध्यापकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मी सगळं सांगितलं, अकरा तास, ते बटण, तो बंद किल्ला. सांगताना ते सगळं फार छोटं वाटत होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

"आणि बाकीचे दोघं?"

"त्यांनी माझं वाचून लिहिलं असेल. मला नक्की माहीत नाही. माझं माहीत आहे."

तिने फोन उचलून माझे मेसेज उघडले. मग म्हणाली, "एकतीस तास झाले, अजून काही नाही."

ती पुढच्या मेसेजवर आली.

"चव्वेचाळीस, काही नाही. हे तुम्हीच लिहीत होता ना मला?"

"हो. मला क्षमा कर."

"साहेब, तुम्ही आता निघा," प्राध्यापक म्हणाले.

"थांबा बाबा." तिने लॅपटॉप बंद केला. "सॉरी मला इथे नको, काका. तिथे लिहा. जिथे ते लिहिलंत तिथे. आणि ते खोटं नाव नको."

संपादक म्हणाला, एवढं काय, वाक्य गुपचूप काढून टाकू, कोणाच्या लक्षातही येणार नाही. मी नको म्हटलं. टोपणनावाने लिहीत होतो हे बँकेत वरिष्ठांना कळवलं, त्याचं जे व्हायचं ते पुढे होईल. रविवारी निरोप झाला. ती आली नाही. अध्यक्ष म्हणून प्राध्यापकांनीच माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. साबुदाणा घ्या असं काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या भागाचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि विचारायला तोंड नाही.

त्याच दिवशी दुपारी, माझ्या खऱ्या नावाने, जुन्या परीक्षणाच्या वर जे छापून आलं ते असं होतं:

"हे परीक्षण मी साठ तासांच्या खेळातले अकरा तास खेळून आणि त्यातले संवाद वगळून लिहिलं. शेवटी वेढा आहे हे वाक्य मी मनाने रचलं. या खेळात तसा वेढा नाही. तो काढून टाकायचं काम जिच्याकडे होतं, तिने ते नीट आणि पूर्ण केलं आहे. माझ्या वाक्यावर विश्वास ठेवून ती अनेक आठवडे नसलेली चूक शोधत होती. खरं मला माहीत होतं, तरी मी तिला शोधू दिलं, आणि वर मदत करतो असं दाखवलं. मी तिची माफी मागतो."